तीन कलमांचा कायदा

हल्लीचे कायदे एवढे लांबलचक का, चार ओळींत का लिहीत नाहीत, असं लोक वैतागून विचारतात. मलाही तसंच वाटायचं. मग जबलपूरचा इतिहास वाचताना मला एक खरोखरच छोटा कायदा सापडला.

जबलपूर आधी नागपूरकर भोसल्यांकडे होतं. सीताबर्डीच्या लढाईनंतर ते इंग्रजांकडे गेलं. पुढे 1830च्या दशकात विल्यम स्लीमन याने ठगांविरुद्धची मोहीम इथूनच चालवली. ठग वाटसरूंशी गोड बोलून ओळख काढत, मग गळा आवळून प्रेत पुरून टाकत. साक्षीदार उरतच नसे. कोर्टात खून सिद्ध कसा करायचा?

यावर कंपनी सरकारने 1836 साली तिसावा कायदा केला. त्यात कलमं फक्त तीन. माणूस ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं की सक्तमजुरीची जन्मठेप. मग तो कायद्याआधी टोळीत असो वा नंतर, कंपनीच्या मुलखात असो वा बाहेर. दुसऱ्या कलमाने कोर्टाच्या हद्दीची अडचण दूर केली, तिसऱ्याने कायदेपंडितांचा फतवा मागवण्याची.

आता यात काय नाही, ते बघा. 'ठग' म्हणजे कोण, हेच सांगितलेलं नाही! आरोपीने अमुक खून केला हे दाखवायची गरज नाही. पुरावा मुख्यतः माफीच्या साक्षीदारांचा, म्हणजे स्वतःचा जीव वाचवू पाहणाऱ्या ठगांचा. त्यांनी बोट दाखवलं, की समोरच्याने बचाव तरी कशाचा करायचा?

1860 साली भारतीय दंडसंहिता आली, 511 कलमांची. तिच्या 310व्या कलमात ठगाची व्याख्या आली: खुनासह जबरी चोरी करण्यासाठी किंवा मुलं पळवण्यासाठी इतरांशी नेहमीचं संगनमत असलेला माणूस. शिवाय 'हा कायदा झाल्यानंतर' अशी अटही आली. शब्द वाढले, पण प्रत्येक वाढीव शब्दाने सरकारचा हात थोडा बांधला. 1950च्या राज्यघटनेने कलम 20मध्ये तो आणखी घट्ट बांधला: जे कृत्य करताना गुन्हा नव्हतं, त्यासाठी नंतर कायदा करून शिक्षा देता येत नाही.

1 जुलै 2024पासून दंडसंहितेच्या जागी 358 कलमांची भारतीय न्याय संहिता लागू झाली. ठगाचं कलम त्यात उरलं नाही.

नुसता शब्दांचा पसारा असलेले कायदेही पुष्कळ आहेत, त्यांची बाजू मी घेत नाही. पण कायदा हातात आला की पानं मोजण्याआधी एवढंच बघा: यातली वाक्यं कुणाचे हात बांधतात, सरकारचे की आपले?