निवड कोणाची? मोडीपासून मोबाईलपर्यंत



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने या व्याख्यानात स्मार्टफोनविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु सामान्य माणूस एक साधन सोडून दुसरे का पत्करतो, हा प्रश्न आपल्या भाषेच्या इतिहासाला नवा नाही.

मोडी ही झरझर लिहिण्याची लिपी. पेशव्यांचे दप्तर, सावकारांच्या चोपड्या, घरगुती पत्रे यांत तिचेच राज्य होते. विल्यम केरी यांचा मराठी कोश १८१० साली बंगालमधील श्रीरामपूरला मोडीच्या खिळ्यांनीच छापला गेला. तरीही पुढे शालेय पुस्तके आणि वृत्तपत्रे बाळबोधीत निघू लागली. जावजी दादाजींच्या निर्णयसागरासारख्या छापखान्यांनी बाळबोधीचे सुबक खिळे सिद्ध केले. दोन लिप्या समोर ठेवून त्यांच्या गुणदोषांचा निवाडा लोकांनी कधी केला नाही. मुलाचे पुस्तक ज्या लिपीत, तिच्यामागे हळूहळू घर गेले.

फोनच्या बाबतीतही असेच घडले, असे मला वाटते. ॲपलचा आयफोन अमेरिकेत २००७ साली आला. भारतात तो ऑगस्ट २००८ मध्ये विक्रीस आला, तेव्हा त्याची किंमत ३१,००० रुपयांपासून पुढे होती. त्याच वर्षी ॲन्ड्रॉइडवर चालणारा पहिला फोन अमेरिकेत निघाला. ॲपलने यंत्र आणि त्यातील प्रणाली दोन्ही आपल्याच हाती ठेवली. गूगलने आपली प्रणाली अनेक कारखानदारांना वापरू दिली. परिणामी सप्टेंबर २०१४ मध्ये मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांचे ॲन्ड्रॉइड वनचे फोन साडेसहा हजारांच्या आत मिळू लागले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि इंटरनेटही स्वस्त झाले.

आज भारतात दहांपैकी नऊहून अधिक स्मार्टफोन ॲन्ड्रॉइडचे आहेत, तर अमेरिकेत निम्म्याहून अधिक आयफोन. तिकडे फोन मासिक हप्त्यांवर सहज मिळतो, आणि ॲपलची स्वतःची संदेशसेवा मित्रमंडळींना एकत्र बांधून ठेवते. आपल्याकडे निरोप जातात ते व्हॉट्सॲपवरून, आणि ते दोन्ही प्रणालींवर सारखेच चालते. म्हणून मंडळींपासून तुटण्याचे भय येथे नाही. बहुतेकांचा निर्णय खिसाच करतो. ज्यांना परवडते, ते कॅमेऱ्यासाठी, टिकाऊपणासाठी आणि थोडे प्रतिष्ठेसाठीही आयफोन घेतात. त्यात गैर काहीच नाही.

आपल्या वडगावच्या दृष्टीने मला महत्त्वाचा वाटतो तो भाषेचा प्रश्न. ॲन्ड्रॉइडच्या मूळ प्रणालीत २०१४ साली मराठी आली. ॲपलने त्याच वर्षी मराठी कळफलक दिला. संपूर्ण प्रणाली मराठीतून दिसण्यास मात्र २०२५ साल उजाडावे लागले. फोन विकत घेताना याची चौकशी आपल्यापैकी कितीजणांनी केली?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून या सीमाभागात मराठीला राजाश्रय उरला नाही; ती घरात, शाळेत, वाचनालयात आणि पत्रव्यवहारात जगली. आता पत्राची जागा फोनने घेतली आहे, आणि त्यावर आपली मुले मराठी लिहितात ती रोमन अक्षरांत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. रोमन लेखनात दोन्ही एकच होऊन बसतात.

मोडी मागे पडली, त्याची किंमत आपण मोजतोच आहोत. पणजोबांचे खरेदीखत वाचण्यासाठी आज जाणकार शोधत फिरावे लागते. तरीही मराठी लेखन थांबले नाही, कारण मोडीच्या जागी आलेली बाळबोध मराठीचे ध्वनी बहुतांशी नीट सांभाळणारी होती. आता बाळबोधीच्या जागी जे येत आहे, त्याविषयी असा भरवसा मला देता येत नाही.

म्हणून माझी विनंती लहानशीच आहे. फोन ऐपतीप्रमाणे कोणताही घ्यावा. दोहोंतही मराठी कळफलक विनामूल्य आहे. तो आज घरी गेल्यावर सुरू करावा, आणि नातवंडांना पहिला निरोप देवनागरीतून पाठवावा.