असोद्याची लेक, जळगावची सून

मैत्रिणींनो, आज आम्ही एका शेतकरी बाईची गोष्ट सांगणार आहोत. तिचं नाव तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, गाणी तर तोंडपाठ आहेत. पण ती कुणाची लेक, कुणाची सून, घरात काय सोसलं, हे विचारलं की आपण गप्प होतो. ती म्हणजे बहिणाबाई चौधरी.

जळगावजवळ असोदे नावाचं गाव आहे. तिथल्या महाजनांच्या घरात 1880 मध्ये, नागपंचमीच्या दिवशी, तिचा जन्म झाला. वडील उखाजी, आई भिमाई. घमा, गना, घना हे भाऊ आणि अहिल्या, सीता, तुळसा या बहिणी. भरलेलं शेतकऱ्याचं घर! तेराव्या वर्षी लग्न होऊन ती जळगावला नथुजी खंडेराव चौधरींच्या घरी आली. ओंकार आणि सोपानदेव हे मुलगे, काशी ही मुलगी.

तिशीतच नवरा गेला. सोपानदेवांचा जन्म 1907 चा, म्हणजे तेव्हा ते अगदी लहान होते. ओंकारला प्लेगमुळे कायमचं अपंगत्व आलं. त्या काळात विधवेनं तीन लेकरं घेऊन शेतात राबायचं म्हणजे काय, हे आमच्या गटातल्या एकट्या बायांना वेगळं सांगायला नको. नशीब सांगायला आलेल्या जोतिषाला मात्र तिनं गाण्यातून दारातूनच परत पाठवलं. माझं नशीब मला कळतं, तू हात बघू नकोस, असं तिचं म्हणणं. आम्हाला तिचं हे गाणं सगळ्यात जवळचं वाटतं.

शाळा तिनं पाहिली नाही, लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, पेरणीला, खळ्यात, काम करता करता शब्द जुळायचे, तेही आपल्या घरच्या लेवा बोलीत. जळगावात छापखाना आला, त्यावरही तिनं गाणं केलं. कोरा कागद छापला की शहाणा होतो आणि माणूस मात्र येडा तो येडाच राहतो, असं काहीसं ती त्यात म्हणते. अक्षर न येणाऱ्या बाईनं हे म्हणावं!

मग ही गाणी आपल्यापर्यंत आली कशी? सोपानदेव शिकले, स्वतः कवी झाले. आई गुणगुणायची ते त्यांनी आणि त्यांच्या मावसभावानं कागदावर उतरवून ठेवलं. आधीची वर्षं मात्र ऐकणारं होतं, लिहिणारं कुणी नव्हतं. त्यातलं कितीतरी जात्याच्या घरघरीतच गेलं असणार.

3 डिसेंबर 1951 ला ती वारली. त्यानंतर सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना ती वही दाखवली. अत्रे वाचून थक्क झाले, हे छापलंच पाहिजे म्हणाले आणि 1952 मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. आपलं पुस्तक तिला बघायला मिळालं नाही. आज जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे, ते 2018 मध्ये दिलं गेलं.

मध्यंतरी आमच्या एका सभेत आम्ही विचारलं, आईच्या आईच्या आईचं नाव कोण सांगेल? पणजोबांचं नाव पुष्कळ जणींना आलं. ते जुन्या सातबाऱ्यावर असतं, भावकीच्या भांडणात निघतं. पणजीचं नाव फक्त दोघींना आलं. एक म्हणाली, "आमच्याकडे तिला नुसतं म्हातारी म्हणायचे." सगळ्या हसल्या, मग जरा वेळ कुणी बोललं नाही.

तेव्हापासून हप्त्याच्या रजिस्टरशेजारी आम्ही दोनशे पानी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर नाव, माहेर, सासर, लेकरं. पुढच्या पानांवर ती काय पेरायची, कुठलं औषध द्यायची, जात्यावर काय म्हणायची. जिला लिहिता येत नाही तिचं शेजारणीनं लिहायचं, आणि तिच्याच बोलीत लिहायचं, सुधारायचं नाही. घरात नव्वदीची कुणी असेल तर आधी तिच्याकडे जा. कापूस वेचणी संपेपर्यंत थांबू नका.