वाटेवरचे लोखंड

जुन्नर-आंबेगावात ज्याला चांगला कोयता म्हणतात, तो बहुधा आधी ट्रकखाली असतो. स्प्रिंगचा मोडलेला पाटा भंगारातून किलोवर येतो, छन्नीने तुटतो, भट्टीत लाल होतो आणि घणाखाली कोयता, विळा नाहीतर सुरी होऊन बाहेर पडतो. पाट्याच्या पोलादात कर्ब साधारण ०.६ टक्के असतो, म्हणून त्याला पाणी चढते. बांधकामाच्या सळईत तो बराच कमी. सळईचा विळा दिसायला तसाच होईल, पण दोन वाफे कापून होताच बोथट पडेल.

या दोन तालुक्यांतल्या पात्यांचा इतिहास पाहायचा तर रस्त्यांकडे पाहावे लागते. ज्या काळात जे वाहन घाट चढले, त्याचे मोडके लोखंड लोहाराच्या ऐरणीवर पोचले.

वाटा इथे फार जुन्या. दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटाने कोकणातली बंदरे जुन्नरच्या बाजारपेठेला जोडली होती. जुन्नरच्या लेण्यांतले शिलालेख कारागिरांच्या संघटनांची, म्हणजे श्रेणींची नावे सांगतात: बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवलेल्या, धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दान दिलेले. धातूकाम करणारे लोक गावात पत राखून होते, एवढे त्यावरून नक्की दिसते.

लोखंड मात्र इथल्या काळ्या कातळातून निघण्यासारखे नव्हते. सह्याद्रीत ते जांभ्यातून काढत. महाबळेश्वरच्या डोंगरात धावड लोक कोळशाच्या भट्ट्यांवर ते गाळत असत. एकोणिसाव्या शतकात जंगलावर सरकारी बंधने आली आणि विलायती लोखंड स्वस्त झाले, तशा या भट्ट्या विझल्या. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे देशावर आली, आणि तयार पट्ट्यांचा पुरवठा सोपा झाला.

रेल्वेने जुन्नरला टाळले, ते आजतागायत. इथे राज्य बैलगाडीचे. तिच्या चाकावर लोखंडी धाव चढवणे हे सुतार-लोहारांचे जोडीचे काम होते आणि झिजलेली धाव परत लोहाराकडेच यायची. धावेचे लोखंड मऊ. त्याला धार हवी तर पोटात पोलादाचा तुकडा घालून दोन्ही एकत्र तापवावे लागत आणि घणाने एकजीव करावे लागत. जोड कच्चा राहिला तर पाते पहिल्याच हंगामात फाटायचे. मग दोष लोहाराचा आणि दुरुस्तीही बलुत्यातच! त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’त (१९१५) बलुत्याची ही घडी तपशिलाने येते: वर्षभर फाळ शेवटायचे, विळे पाजवायचे आणि मोबदल्याचे धान्य खळ्यावर घ्यायचे.

जुन्या धातूला नवे काम देण्यात लोहार एकटा नव्हता. भीमाशंकरच्या देवळापुढची घंटा पोर्तुगीजांची, वसईच्या १७३९च्या विजयानंतर मराठ्यांनी आणलेली. तिला वितळवले नाही, एवढाच फरक.

मोटारी वाढल्या तसा स्प्रिंगचा पाटा भंगारात येऊ लागला आणि जोडकामाची कटकट संपली, कारण सबंध पातेच पोलादाचे. पण पाट्याला अदब लागते. जास्त तापवून एकदम पाण्यात टाकला की तडकतो. म्हणून जाणता लोहार फक्त धारेची बाजू बुडवतो आणि पाठ गरम ठेवतो. पाठीची उष्णता हळूहळू धारेकडे उतरते, घासून पांढऱ्या केलेल्या पात्यावर पिवळसर झाक येते, आणि त्या क्षणी पुन्हा पाणी. थर्मामीटर नसतो. भट्टी सावलीत ठेवण्याचे खरे कारण हेच, की उन्हात रंग कळत नाही.

हे काम करणाऱ्यांत गावचे लोहार आहेत, तसे फिरते घिसाडीही. १८८५च्या पुणे जिल्हा गॅझेटियरने त्यांची नोंद घेतली आहे. राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीतही ते आहेत. गावाच्या कडेला पाल, जमिनीत रोवलेली ऐरण, हाताने फिरवायचा भाता. पुरुष सांडशीत पाते धरून छोट्या हातोडीने जागा दाखवतो आणि घण घालते ती बहुतेक वेळा बाई. लोहारकामावरच्या लिखाणात ही बाई क्वचितच दिसते.

गिऱ्हाईकही तालुक्यागणिक दोन तऱ्हांचे. पश्चिमेच्या डोंगरात महादेव कोळी आणि ठाकर कमरेच्या लाकडी आकडीत कोयता अडकवून झाडावर चढतात आणि भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, फांद्या तोडतात. पूर्वेला डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांचे पाणी फिरले, तसा ऊस आला, विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने आले. त्यांच्या तोडीला मराठवाड्या-नगरकडचे मजूर येतात. तिथे नवरा-बायकोची जोडी हिशेबात ‘एक कोयता’ धरली जाते आणि मुकादमाची उचलही कोयत्यागणिक मिळते. ऊसतोडीच्या कोयत्याला दिवसभर बुडख्याशी घाव घालायचे असतात. राबाचा कोयता तिथे टिकणार नाही. हा फरक वजनात आणि वाकात असतो, म्हणून जाणकार पाते हातात तोलल्याशिवाय घेत नाहीत.

पुणे शहरात कोयत्याचे गुन्हे गाजू लागल्यावर २०२३च्या सुरुवातीला पोलिसांनी विक्रेत्यांना गिऱ्हाइकाचे आधार कार्ड पाहायला सांगितले. खरे तर १९५९च्या शस्त्र कायद्याने निव्वळ घरकामाच्या आणि शेतीच्या वस्तूंना ‘शस्त्रां’तून वगळले आहे. आठवडे बाजारात पालापुढे बसलेला शेतकरी मात्र अजूनही आपलाच जुना कोयता शेवटायला देतो, आणि तोवर भाता त्यालाच फिरवावा लागतो.