परळचे गव्हर्नमेंट हाउस : गव्हर्नराने सोडलेला वाडा आणि प्लेगची लस

१/९
भातशेती आणि जंगल यांच्या मधोमध वसलेल्या चिचगडसारख्या गावाला सर्पदंशावरील लशीचे मोल सांगावे लागत नाही. ही लस बनविणाऱ्यांमध्ये मुंबईच्या ‘हाफकिन’चे नाव जुने आहे. परळ येथील या संस्थेची वास्तू मात्र औषधासाठी उभी राहिली नव्हती. एके काळी तो मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराचा गावाबाहेरचा वाडा होता.

२/९
अठराव्या शतकात मुंबई शहर म्हणजे मुख्यतः कोटाच्या आतील वस्ती. परळ त्यापासून कित्येक मैल दूर. भोवती भातखाचरे, आमराया आणि माडांची दाटी. येथे पोर्तुगीज काळापासून जेझुइट पाद्र्यांचा मठ व चर्च होते. शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी ती जागा ताब्यात घेतली. कोटातील गर्दीपासून दूर, मोकळ्या हवेत राहता यावे म्हणून गव्हर्नर येथे येऊ लागले.

३/९
विल्यम हॉर्नबी (कारकीर्द १७७१ ते १७८४) यांनी परळलाच मुक्काम हलविला आणि हा वाडा गव्हर्नराचे मुख्य निवासस्थान ठरला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या काळात त्याचा विस्तार झाला. जेथे पूर्वी प्रार्थना होत असे, तेथे मेजवान्या झडू लागल्या. १८७५ मध्ये भारतभेटीस आलेले प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढील सातवे एडवर्ड, यांचा मुंबईतील मुक्काम याच वाड्यात होता.

४/९
पण तोपर्यंत परळ पालटले होते. रेल्वे आली, मागोमाग कापडगिरण्या आल्या, धुराडी उभी राहिली. कोकण आणि घाटावरून आलेल्या कामगारांच्या चाळी दाटीवाटीने वाढल्या. सांडपाणी वाहून नेण्याची सोय अपुरी आणि जमीन सखल. ज्या मोकळ्या हवेसाठी हा वाडा निवडला गेला, ती हवाच उरली नाही.

५/९
१८८२ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी लेडी ऑलिव्ह यांचे मुंबईत कॉलऱ्याने निधन झाले. १८८५ च्या सुमारास गव्हर्नरांचे बिऱ्हाड समुद्राकाठी मलबार पॉइंटला हलले. पुढे राजभवन म्हणून ओळखले गेले ते हेच. गव्हर्नरांना परळ सोडता आले. गिरणीच्या भोंग्याशी ज्यांचे पोट बांधलेले होते, ते तेथेच राहिले.

६/९
सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. शहरात हाहाकार माजला आणि लाखो लोक गावाकडे निघाले. कॉलऱ्यावरील लशीमुळे आधीच ज्ञात असलेले वाल्देमार हाफकिन यांना मुंबईस पाचारण करण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत, मोजक्या साहाय्यकांसह त्यांनी अवघ्या तीन महिन्यांत लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

७/९
मागणी वाढली, जागा पुरेना. प्रयोगशाळेने दोन-तीन बिऱ्हाडे बदलली. अखेर ऑगस्ट १८९९ मध्ये परळचा रिकामा वाडा तिला मिळाला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. रोगाच्या भीतीने सत्तेने जे घर सोडले, तेथेच रोगाशी झुंज सुरू झाली. मेजवान्यांच्या दालनांत आता लशीच्या बाटल्या भरल्या जाऊ लागल्या.

८/९
या वास्तूने बोलही ऐकले. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. बाटली परळहून गेलेली असल्याने ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पद गमवावे लागले. बाटली गावात उघडताना संसर्ग झाला असावा, हे रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी पुढे हिरिरीने मांडले. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले, भारतातही परतले. पण परळच्या प्रयोगशाळेची सूत्रे त्यांच्याकडे पुन्हा आली नाहीत.

९/९
काम मात्र थांबले नाही. १९०५ पासून याच आवारात प्लेग संशोधन आयोगाने उंदरांवरील पिसवांतून रोग माणसापर्यंत कसा येतो, याचा पुरावा उभा केला. १९२५ मध्ये संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले आणि १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले. वारसावास्तू म्हटली की कमानी, जिने आणि झुंबरे यांची मोजदाद होते. परळच्या वाड्याचा खरा वारसा त्याच्या दुसऱ्या जन्मात आहे : एका कुटुंबाच्या आरोग्यासाठी निवडलेली जागा पुढे लाखो अनोळखी माणसांच्या जीविताच्या कामी आली.