खारेपाटातील जिताडा : एक जुना व्यवहार

आपल्या आगरी समाजाचा इतिहास लिहू जाता लेखकांची दृष्टी सहसा मिठागर, भातशेती आणि चरीचा संप यांवर स्थिरावते. ते योग्यच आहे. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांविरुद्ध चाललेला तो लढा, नारायण नागू पाटील यांचे नेतृत्व, १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मांडलेले खोतीविरोधी विधेयक, यांविषयी आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. परंतु पेण-अलिबागच्या खारेपाटात ज्या एका माशाने घराघरांची अब्रू राखली, त्या जिताड्याची कथा मात्र जेवणाच्या पंक्तीतच बोलली गेली. ती कोणी कागदावर आणली नाही.

खारेपाटाची भूमी ही समुद्राकडून मिळविलेली भूमी होय. बांध घालावे, उघाड्या बसवाव्या, ओहोटीस पावसाचे पाणी बाहेर सोडावे व भरतीस खारे पाणी अडवावे, असा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. शिलोत्री नावाची जमीनधारणेची जुनी पद्धत याच बांधबंदिस्तीतून निपजली. उधाणात बांधास खांड पडली की सारा गाव चिखलात उतरे. १९४८ च्या खारजमिनीच्या कायद्यानंतर सरकार या कामात पडले. पुढे गावकीची ती सवय सुटत गेली आणि खांडी उघड्या राहू लागल्या. असो.

या बांधांच्या आत प्रत्येक बऱ्या घराचे एक गोड्या पाण्याचे तळे असे. जिताडा हा खाडीमुखाशी खाऱ्या पाण्यात विणणारा मासा. पावसाळ्यात त्याची पिले उधाणाच्या पाण्याबरोबर धरमतरच्या खाडीतून आत शिरत व उघाडीच्या तोंडाशी, खाजणात, पाण्याने भरलेल्या खाचरांत सापडत. ती पागाने धरून, हंड्यात घालून, शक्य तितक्या लगबगीने तळ्यात सोडावयाची. पुढे दोन-तीन वर्षे बारीक मासळी व कोळंबी खाऊन तो वाढे. जावई आला, लग्न ठरले, की तळ्यात जाळे पडे. कचेरीत अडलेले काम सोडविण्यासही जिताडा पोहोचविला जाई. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, वस्तुतः ती सांगताना थोडे ओशाळावयास हवे.

प्रस्तुत लेखकाच्या बालपणी बहिणीच्या लग्नास घरच्या तळ्यातून तीन-साडेतीन किलोंचा जिताडा काढला होता. आजीने तो चिरला, पोट चाचपले आणि म्हणाली, “याला पण गाभोळी नाय.” तळ्यातल्या जिताड्यात गाभोळी तिने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. याचे कारण मला फार उशिरा कळले. जिताडा जन्मतो तो नर म्हणून. काही वर्षांनी, अंगाने भरल्यावर, त्याची मादी होते. शिवाय गोड्या पाण्यात त्याची वीण होतच नाही. म्हणजे खाडीतून उचललेले प्रत्येक पिलू खाडीच्या वंशाला मुकले, आणि खाडीत उरलेला मोठा जिताडा ज्याने पकडला त्याने बहुधा मादीच पकडली. दोन्ही टोकांनी आपण वेल खुडत होतो. पिलांच्या मागे हंडा घेऊन धावणाऱ्या पोरांत मीही होतो, तेव्हा दुसऱ्यास बोल लावणे मला शोभणार नाही. गाळ, मैलापाणी, कारखान्यांचे सांडपाणी व तिवरांची तोड ही कारणेही खरी आहेत. परंतु त्यांच्या आड स्वतःस लपविता येत नाही.

अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर स्नूक नावाचा मासा आहे. पूर्वी शास्त्रज्ञ त्याची व जिताड्याची गणना एकाच कुळात करीत. तोही आधी नर व मग मादी, तोही खाडीमुखाशी विणणारा. तेथे १९५७ साली स्नूकची विक्रीच बंद करण्यात आली व पुढे विणीच्या उन्हाळी महिन्यांत तो धरण्यासही बंदी झाली. जानेवारी २०१० च्या कडाक्याच्या थंडीत स्नूक मोठ्या संख्येने मेला, तेव्हा मेक्सिकोच्या आखाताकडील किनाऱ्यावर २०१३ पर्यंत तो घरी नेण्याची मनाई होती. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीबंदी असते, पण ती यांत्रिक नौकांना. उघाडीच्या तोंडाशी लावलेल्या बारीक आसाच्या जाळ्याला तिचा स्पर्शही होत नाही, आणि जिताड्याची पिले येतात ती नेमकी तेथेच.

आता एक मार्ग मोकळा झाला आहे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने १९९७ साली जिताड्याची कृत्रिम वीण साधली, आणि आज उबवणी केंद्रातील बीज विकत मिळते. ज्यांना तळे राखावयाचे आहे त्यांना खाडीतील पिलांवर अवलंबून राहण्याचे कारण उरलेले नाही. बीज विकतचे म्हणून चव उतरते, असे आमचे काही वडीलधारे म्हणतात. मी दोन्ही खाल्ले आहेत. मला फरक कळला नाही.

ज्या कुटुंबांत तळ्याचे जुने हिशेब, पिले सोडल्याच्या नोंदी अथवा वडिलांकडून ऐकलेल्या आठवणी असतील, त्यांनी त्या आपल्या मंडळाकडे लिहून पाठवाव्यात. पाग विणणारे हात गावोगावी आता थोडेच उरले आहेत. त्यांच्याकडे आधी जावे.