कॉम्प्युटर बंद करू नका

मराठवाड्यातल्या सोनपेठमध्ये कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला एक पडदा तोंडपाठ असतो. लाईट जाते, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली असते, मशीन धाडकन बंद पडतं. परत चालू केलं की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात. डिस्क तपासली जातेय, टक्के हळूहळू चढतायत. गिऱ्हाईक घाबरून बटणाकडे हात नेतं आणि आम्ही ओरडतो, "दादा, हात लावू नका, होऊ द्या पूर्ण!" एवढं होऊनही मशीन धड चाललं नाही तर शेवटचा इलाज राहतो: फॉरमॅट मारायचं आणि नवीन विंडोज टाकायची. त्याआधी एकच प्रश्न विचारायचा. डेटा दुसरीकडे कुठे ठेवलाय का?

मंगळवार, २७ जून २०१७ला याच पडद्याचं सोंग घेऊन एक घात झाला. पुढच्या सगळ्या वेळा आपल्या घड्याळातल्या आहेत.

दुपारी २.२९

आदल्या दिवशी ईद झाली होती. इकडे पेरणीची धांदल, शनिवारीच राज्यात शेतकरी कर्जमाफी जाहीर झालेली, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी तोच विषय. त्या वेळी युक्रेनची राजधानी कीवमध्ये एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हरवर कोणीतरी चोरलेल्या पासवर्डने शिरलं आणि सगळे अधिकार हातात घेतले. सॉफ्टवेअरचं नाव एम.ई.डॉक. तिथल्या असंख्य कंपन्या करभरणा त्यावरच करत. त्याच्या अपडेटमध्ये चोरवाट एप्रिलमध्येच ठेवलेली होती.

दुपारी २.४१

सर्व्हरच्या सेटिंगमध्ये बदल. अपडेट मागायला येणारी मशीनं आता गुपचूप भाड्याच्या दुसऱ्या सर्व्हरकडे वळवली जाऊ लागली. तीन मिनिटांत काम झालं.

दुपारी ४ च्या सुमारास

युक्रेनमधल्या मशीनांवर एम.ई.डॉकच्या अपडेटमधूनच घातक आज्ञा चालताना मायक्रोसॉफ्टच्या नोंदींत दिसली. त्या आज्ञेतून सुटलेल्या व्हायरसला पुढे नॉटपेट्या नाव पडलं. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो पसरला, ते बुजवणारं ठिगळ १४ मार्चलाच आलं होतं. पण ते लावलेली मशीनंही पडली. कारण तो एका मशीनच्या मेमरीतून पासवर्ड उचलायचा आणि त्याच किल्लीने शेजारचं मशीन उघडायचा. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या युक्रेनमधल्या ओडेसा कार्यालयात एम.ई.डॉक एकाच कॉम्प्युटरवर टाकलेलं होतं. ते एक पुरलं.

साधारण ५ वाजता

शिरल्यावर तो लगेच काही दाखवत नसे. दहा मिनिटं ते तासभर दबा धरून बसे, तेवढ्यात शेजारपाजार गाठे आणि मग मशीन आपोआप रीस्टार्ट होई. तेव्हा तो पडदा यायचा. 'सी ड्राईव्हची दुरुस्ती चालू आहे.' खाली मोठ्या अक्षरांत ताकीद: कॉम्प्युटर बंद करू नका.

इथे थांबून नीट सांगायला हवं, कारण मला या सगळ्या घटनाक्रमातली सर्वांत क्रूर जागा हीच वाटते. हार्ड डिस्कवर फाइली एकीकडे असतात आणि कोणती फाइल कुठे आहे याची नोंदवही दुसरीकडे. तलाठ्याच्या दप्तरात फेरफार आणि सातबारे तसेच आहेत, पण कोणत्या गटाचा कागद कोणत्या गठ्ठ्यात, ही यादीच कुलूपबंद झाली, तर दप्तर असून नसल्यासारखं. त्या पडद्यामागे या नोंदवहीला कुलूप घातलं जात होतं. त्या क्षणी कोणी वायर उपटली असती तर बरंच काही वाचलं असतं. पण शहाण्या माणसाने इतकी वर्षं जे शिकलेलं आणि शिकवलेलं, तेच त्या पडद्याने सांगितलं. हात लावू नका. लोकांनी लावला नाही.

टक्के संपले की लाल अक्षरांत मागणी यायची: तीनशे डॉलर, बिटकॉइनमध्ये. पैसे भरून काही मिळणार नव्हतं. पडद्यावर दाखवलेला ओळख क्रमांक नुसता यादृच्छिक आकडा होता, त्यावरून किल्ली काढणं शक्यच नव्हतं. खंडणीचं नाटक होतं, काम पुसण्याचं होतं.

संध्याकाळी ६.०१

भाड्याच्या सर्व्हरकडे जाणारी शेवटची जोडणी. दोन मिनिटांत मूळ सेटिंग परत बसवलं गेलं. तोवर कोपनहेगनच्या मुख्यालयात मर्स्कचे पडदे एकामागून एक काळे पडले होते. माणसं बैठकांमध्ये घुसून मशीनं बंद करायला सांगत पळत होती. जगभरचं नेटवर्क तोडायला दोन तासांहून जास्त लागले.

रात्र, न्हावा शेवा

आपल्या मराठवाड्यातल्या कापसाच्या गाठी ज्या बंदरातून परदेशी जातात, ते न्हावा शेवाचं, तेव्हाचं जेएनपीटी. तिथलं गेटवे टर्मिनल्स मर्स्क समूहाच्या हातात होतं. वर्षाला वीस फुटी मापाचे अठरा लाख कंटेनर हाताळण्याची त्याची तेव्हाची क्षमता. क्रेन शाबूत, जहाज धक्क्याला, ट्रक फाटकाशी. पण कोणता कंटेनर कोणाचा, हेच सांगता येईना. तीच नोंदवहीची गोष्ट, फक्त आता डिस्कऐवजी अख्ख्या बंदराची. दुसऱ्या दिवशी हातानं कागद करून माल सोडायचे प्रयत्न सुरू झाले आणि अडकलेल्या ट्रकांसाठी बंदराला जागा शोधावी लागली.

मध्यरात्रीनंतर १.१६

हल्लेखोरांनी आपला तो भाड्याचा सर्व्हर पुसला. आपण दुकानात घाईत फॉरमॅट मारतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त नोंदवही नवी होते. जुना डेटा खाली पडून असतो आणि त्यावर काही लिहिलं गेलं नसेल तर सॉफ्टवेअर लावून परत काढता येतो. लग्नाचे फोटो असे कितीतरी जणांना मिळालेत. यांनी तसं ठेवलं नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत डिस्कभर नुसती शून्यं लिहिली. शून्याखालून काहीच निघत नाही.

पुढचे दहा दिवस

मर्स्कने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे केले. दहा दिवसांत. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हेगेमान स्नाबे यांनी २०१८च्या जानेवारीत दावोसला हा आकडा सांगितला. दिवसाला पाच-सहा मशीनं फॉरमॅट करून ज्याची पाठ धरते, त्याला तो वाचताना गलबलून येतं. नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरांचं.

आणि तरीही नुसती विंडोज टाकून भागणार नव्हतं. कोणता कर्मचारी कोण, कोणाला काय उघडायची मुभा, हे ज्या सर्व्हरांवर असतं तसे मर्स्ककडे दीडशेच्या आसपास होते. ते एकमेकांची प्रत ठेवत, म्हणून वेगळी प्रत कोणी ठेवलीच नव्हती. सगळे एकाच वेळी गेले. जगभर फोन फिरवल्यावर अखेर एक सापडला, आफ्रिकेत, घाना देशात. तिथली इंटरनेट लाईन इतकी संथ की डेटा इंग्लंडला पाठवायला कित्येक दिवस लागले असते. तिथल्या कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एक जण ती हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथे दुसऱ्याच्या हातात दिली आणि तो ती लंडनला घेऊन आला.

हल्ला आला तेव्हा घानाचा तो सर्व्हर बंद होता. तिथली लाईट गेली होती.