१९८५चा ॲक्सल

माझी पिकअप २०१७ची. टोयोटा टकोमा, तिसरी पिढी, एक लाख बारा हजार मैल पळालेली. ती देऊन चौथ्या पिढीची घ्यावी का, हा प्रश्न गेले सहा महिने डोक्यात आहे. राहतो डेनव्हरमध्ये, सुट्टी जोडून आली की यूटातल्या मोआबच्या लाल खडकांत जातो. साताऱ्याहून बाबा फोनवर एवढंच विचारतात, "चालतीय ना? मग?"

तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून मी इतिहासात शिरलो. खरं सांगायचं तर 'जुनीच बरी' असा निकाल इतिहासानं द्यावा, अशी माझी इच्छा होती.

सुरुवात तशीच झाली. टकोमाची पूर्वज हायलक्स, १९६८ साली जपानमध्ये आली. अमेरिकेत पुढे ते नाव गळालं आणि ती नुसती 'टोयोटा पिकअप' झाली. १९७९मध्ये तिला फोर-व्हील ड्राइव्ह मिळाला. पुढची दोन्ही चाकं एकाच जाड, सलग ॲक्सलला जोडलेली. एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जायचं आणि जमीन सोडायचं नाही. साधी रचना, दणकट, आणि उघडून दुरुस्त करता येण्यासारखी.

'बॅक टू द फ्यूचर' पाहिला असेल तर ही गाडी तुम्हाला माहीत आहे. मार्टी ज्या काळ्या पिकअपकडे आशेनं बघत राहतो, ती १९८५ची टोयोटा. पोराला नवी गाडी हवी आहे, एवढीच गोष्ट. गंमत म्हणजे त्याची 'नवी' गाडी हीच सलग ॲक्सलची शेवटची गाडी ठरली. १९८६च्या मॉडेलपासून पुढची दोन चाकं वेगळी झाली, प्रत्येकाचं सस्पेन्शन स्वतंत्र. पिकअप आता फक्त शेतावरची गाडी उरली नव्हती. लोक ती घेऊन रोज कामाला जात होते. डांबरी रस्त्यावर नवी रचना मऊ चालायची. खडकांत जाणारे मात्र हळहळले. आजही काही जण नंतरच्या गाड्यांचं पुढचं सस्पेन्शन काढून तिथं सलग ॲक्सल बसवतात.

इथवर वाचून मी खूश होतो. पण इतिहास अर्ध्यावर सोडता येत नाही.

१९९५मध्ये टकोमा आली, तीही स्वतंत्र सस्पेन्शनची. आज त्या पहिल्या पिढीबद्दल लोक ज्या मायेनं बोलतात, ती माया १९८५च्या गाडीच्या वाट्याला आलेल्या मायेपेक्षा कमी नाही. ज्या बदलामुळे लोक हळहळले, तोच पुढच्या लोकांचा 'जुना चांगला काळ' झाला.

आता माझी तक्रार ऐका. २०२४च्या चौथ्या पिढीत साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरांचं इंजिन गेलं, त्याजागी २.४ लिटरचं, चार सिलिंडरांचं टर्बो आलं. मागचे पाटे जाऊन बहुतेक मॉडेलांत कॉइल स्प्रिंगा आल्या. चार सिलिंडर! मी नाक मुरडलं. मग लक्षात आलं की ज्या २२आर इंजिनामुळे ही गाडी दंतकथा बनली, तेही २.४ लिटरचं, चार सिलिंडरांचंच होतं. ताकद शंभर हॉर्सपॉवरच्या आसपास. नव्या हायब्रिडची ३२६ आहे.

म्हणजे 'जुनं ते दणकट' हे माझं कारण टिकलं नाही. मग मी वही उघडली. गेल्या वर्षी खडबडीत वाटेवर अकरा दिवस गेलो. त्यातल्या नऊ दिवशी साधी उंच गाडीही पुरली असती. उरलेल्या दोन दिवशी अडलो तो माझ्या भीतीमुळे, गाडीमुळे नव्हे. दोन दिवसांसाठी पाच वर्षांचे हप्ते?

नवी गाडी वाईट आहे म्हणून मी थांबलेलो नाही. ती बहुधा चांगलीच आहे, आणि वीस वर्षांनी तिच्या आठवणीनंही कुणीतरी हळहळेल. मला फक्त ती आत्ता लागत नाही. शॉक ॲब्सॉर्बर आणि टायर नवे घालायचे ठरवलं आहे.

बाबांना कळवलं. ते म्हणाले, "मग सहा महिने कसला विचार करत होतास?"